गाणी भरून मिळतील

वर्षभरातली आपली आवडती गाणी निवडायला एक निवांत संध्याकाळ पुरते. ती आत्या, तात्या, भाचरं आणि शेजारच्या वहिनी यांच्या कानापर्यंत पोचवायला मात्र संक्रांत उजाडते. त्यात ही गाणी कुणी मागितलेली नसतात. सांगलीत लग्नाची पत्रिका आणि वर्षाची गाणी या दोन गोष्टी न मागता घरपोच मिळतात. पत्रिका निदान जेवण कुठल्या कार्यालयात आहे ते बघायला तरी उघडली जाते.

तरीही हे केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशांपैकी मी आहे. आमच्या जमातीत एकच नियम कामाचा: गाणी आपल्या आवडीची, बाकी सगळं समोरच्याच्या सोयीचं. त्याच्या गाडीत टेप कुठला, फोनमध्ये जागा किती, तो गाणी ऐकतो कधी आणि कुकरची शिट्टी झाली की उठून जातो का, हे आधी काढून घ्यायचं. सुरांचं नंतर बघता येतं.

निवडताना अ‍ॅपच्या वार्षिक हिशेबावर अजिबात जाऊ नये. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक नग धरला जातो; ते कुणी ऐकलं, का ऐकलं, याची चौकशी नसते. घरात खातं एकच असलं की गणपतीचे दहा दिवस आरत्या त्याच्यावरून, नातवाला भरवताना बडबडगीतं त्याच्यावरून, आणि झोप येत नाही म्हणून रात्रभर पावसाचा आवाजही त्याच्यावरूनच. मग वर्षअखेरीला रंगीबेरंगी चित्रांसह जाहीर होतं, की यंदाचा तुमचा सर्वांत लाडका कलाकार पाऊस. त्यापेक्षा साधी वही बरी. जे गाणं संपल्यासंपल्या परत लावलं, त्याचं नाव त्याच दिवशी टिपायचं. डिसेंबरात वहीत साठ-सत्तर नावं निघतात. एकेक नाव वाचायचं आणि मनात पाच मोजायचे. तेवढ्यात चाल आठवली नाही तर नावावर काट. निम्मी यादी इथंच गळते, आणि गळलेल्यांत दोन तरी अशी असतात जी मार्चमध्ये आपण अख्ख्या गावाला ऐकवत सुटलेलो असतो.

मग ठरलेलं भांडण. वर्षभरातली म्हणजे यंदा निघालेली, की यंदा कानावर पडलेली? भाचरं पहिल्या पक्षाची. तात्या कुठल्याच पक्षात नसतात, कारण त्यांच्या मते चांगली गाणी निघायची १९७५ सालीच थांबली. माझा निवाडा असा: निम्मी यंदाची, निम्मी कधीचीही, फक्त आपण ती यंदा पहिल्यांदा ऐकलेली हवीत. मिरजेपासून दहा किलोमीटरवर राहून याहून कडक निवाडा देणं शोभत नाही. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करून, फिरवून, आपल्याला गप्प करून खाँसाहेब मोकळे होतात. हल्ली तेवढ्या वेळात गाणं सुरू होण्याआधीच्या जाहिराती संपतात. तर ती बाजू यंदा पहिल्यांदा कानावर आली असेल तर ती यंदाचीच. शिवाय आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे त्या काळच्या तबकडीची फाइल कुणालाही उजळ माथ्यानं देता येते. यंदाची गाणी लिंकनं द्यावीत, नाहीतर विकत घेतलेली असावीत. पेनड्राइव्हचा विषय निघाला की या वाक्याशी बऱ्याच जणांना खोकला येतो.

आणि हो, नाट्यपदाची एक जागा राखीव ठेवावी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हापासून या गावात नाट्यपद नसलेल्या यादीला यादी म्हणत नाहीत.

गाणी किती, हा प्रश्न पूर्वी कॅसेटच सोडवायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, नव्वदची म्हणजे ४५. एकशेवीसची शहाण्यानं घेऊ नये. तिची फीत इतकी पातळ की टेपच्या रोलरभोवती गुंडाळायची आणि पेन्सिल घालून फिरवत बसावं लागायचं. सीडी आली तीही ८० मिनिटांवर अडायची. आता अडवणारं कुणी नाही, आणि सगळा घोळ त्यामुळेच आहे. एकशे सत्तेचाळीस गाण्यांची यादी पाठवणाऱ्याला निवडता आलेलं नसतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी १८ गाणी आणि ७५ मिनिटं धरतो. हा आकडा रस्त्यावरून आलाय. सांगली ते कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. अंकलीचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले करत सव्वा तास जातो. सांगली ते मिरज मात्र पाच-सहा गाण्यांत संपतं. म्हणून पहिल्या पाच गाण्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं, कारण बहुतेक श्रोते मिरजेला उतरतात. प्रमाणाचं म्हणाल तर भडंगाकडं बघावं: चुरमुरेच जास्त लागतात, शेंगदाणे हाताला लागतील इतके, आणि लसूण कितीही आवडला तरी नुसता लसूण कुणी खात नाही. अठरात ओळखीच्या आवाजाची आठ-नऊ, नवी पाच-सहा, आणि ऐकून "हे काय लावलंय?" म्हणतील अशी तीन. त्याहून जास्त घातली तर पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत.

क्रम लावताना पहिल्या गाण्यात अर्ध्या मिनिटाच्या आत माणसाचा आवाज आला पाहिजे. दीड मिनिट नुसती बासरी वाजली की आत्या समजते फोन बिघडला, आणि बंद-चालू करते. दुसरं गाणं पहिल्याहून सरस हवं. पहिलं दारातल्या गोंधळात वाया जातंच. तिसऱ्याला ठेका. नाजूक गाणं सातव्या-आठव्या जागी, गाडी हमरस्त्याला लागून स्थिर झाल्यावर. एकाच गायकाची दोन गाणी शेजारी नकोत, एकाच संगीतकाराची तर मुळीच नकोत, कारण त्याची तीच सारंगी दोन्हींत असते. सर्वांत लांब गाणं शेवटी. तिथवर जो पोचला तो सात मिनिटंही बसेल.

मिरजेच्या माणसाला द्यायची असतील तर आणखी एक काम वाढतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजकरांचं म्हणणं, कानांना ते आधीपासूनच होतं. त्यांना पेटीच्या काळी एक पट्टीतल्या गाण्यामागून लगेच पांढरी एक पट्टीतलं गाणं ऐकवून बघा. अर्ध्या सुराची घसरण होते आणि दुसरं गाणं चांगलं असूनही पडेल वाटतं. पेटी असेल तर प्रत्येक गाण्याचा सा शोधून यादीत समोर लिहावा. पांढरी एकवरून पांढरी चार किंवा पांढरी पाच, म्हणजे मध्यम किंवा पंचम, ही उडी कानाला आपली वाटते. अर्ध्या सुराचे शेजारी टाळता येत नसतील तर मधे चार-पाच सेकंद शांतता ठेवावी, नाहीतर नुसत्या ढोलकीनं सुरू होणारं गाणं घालावं. ढोलकीची दहा सेकंदं आधीचा सा पुसून टाकतात.

याच कारणानं अ‍ॅपमधली क्रॉसफेडची सोय बंद ठेवावी. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढवणारी ही करामत स्पॉटिफायवर १२ सेकंदांपर्यंत ताणता येते. नाचाच्या गाण्यांना ठीक आहे. पण आपल्याकडं अर्धी मजा शेवटच्या तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्यात, आणि ती नेमकी त्याच सेकंदांत असते. तबलजी समेवर यायला निघालेला असतो आणि मधेच डीजे येतो.

आता आवाजाची पातळी. सगळ्यांत जास्त शिव्या इथं खाव्या लागतात. जुनी भावगीतं आणि मैफिलीची ध्वनिमुद्रणं हळू असतात, नवी गाणी छतापर्यंत दाबून भरलेली. दोहोंत १० डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि १० डेसिबल कानाला साधारण दुप्पट वाटतात. भावगीत नीट ऐकू यावं म्हणून तात्या आवाज वाढवतात, पुढचं गाणं सुरू होतं, आणि तात्यांचा हात एकाच वेळी स्टिअरिंग, टेप आणि छाती अशा तीन ठिकाणी जातो. अ‍ॅप स्वतःहून पातळी जुळवतं. स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं; एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप. पेनड्राइव्हवरच्या फाइलला ही काळजी कुणी घेत नाही, आपणच घ्यायची. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. मोठ्या आवाजाचं एकेक गाणं घेऊन उणे १६ वर खाली आणावं. चूक बहुतेक जण इथं करतात: हळू गाणं वर ढकलतात. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज कमी असला तरी तबल्याची थाप आधीच टोकाला टेकलेली असते. वर ढकललं की थाप फुटते. म्हणून दांडग्यांना खाली आणायचं, गरिबाला त्याच्या जागी राहू द्यायचं. एमपीथ्री फाइल पुन्हा साठवायची नसेल तर एमपीथ्रीगेन वापरावं. ते आतला आवाज न उसवता दीड-दीड डेसिबलनं पातळी बदलतं. आणि १२८ केबीपीएसची, म्हणजे कमी दर्जाची, फाइल ३२०ची करून घेतल्यानं सुधारत नाही. फाइल फुगते, गाणं तेवढंच राहतं.

पेनड्राइव्ह तात्यांसाठी. तो १६ किंवा ३२ जीबीचाच घ्यावा. ६४चे बहुधा एक्सफॅट पद्धतीनं आखलेले येतात आणि गाडीतला जुना टेप त्याकडं बघून नुसता 'नो फाइल' म्हणतो. त्याला फॅट३२ लागतं. फॉरमॅट मारण्याआधी आत काय आहे ते बघावं. तात्यांच्या पेनड्राइव्हमध्ये सातबारा, नातवाचं बारसं आणि सोसायटीची थकबाकी एकत्र नांदत असतात. फाइलींची नावं ०१, ०२ अशीच हवीत. नुसतं १, २ लिहिलं तर एकनंतर दहा, अकरा, बारा असं करत अठरापर्यंत जाऊन मग दोन लागतं. नाव रोमन लिपीत द्यावं, नाहीतर टेपच्या पट्टीवर देवनागरीच्या जागी चौकोन सरकत जातात.

एवढं करूनही क्रम बिघडतो, आणि का बिघडतो हे कुणी सांगत नाही. बरेच जुने टेप नाव वाचतच नाहीत. जी फाइल आधी चढली ती आधी वाजते. अठरा फाइली एकदम उचलून टाकल्या तर त्या कुठल्या क्रमानं चढतील याचा भरवसा नाही. मोकळ्या पेनड्राइव्हवर एकेक करून चढवाव्यात, नाहीतर फॅटसॉर्टसारखं साधन वापरावं. मधलं एक गाणं पुसून दुसरं टाकलं तर तेही शेवटी जाईलच असं नाही. पुसलेल्याच्या रिकाम्या जागेत घुसून बसू शकतं. बदल करायचा तर सगळं पुसून पहिल्यापासून. आणि काढताना 'इजेक्ट' म्हणूनच काढावा. उपटला तर अठरावं गाणं अर्ध्यावर तुटतं, आणि तात्यांना वाटतं ते तसंच आहे, आधुनिक.

फाइलच्या पोटातले टॅगही बघून घ्यावेत. कुठून कुठून आलेल्या गाण्यांत गायकाच्या जागी कुठल्याशा संकेतस्थळाचा पत्ता असतो. अल्बमचं नाव अठरांनाही एकच द्यावं, अल्बमच्या कलाकाराच्या जागी 'विविध कलाकार', आणि क्रमांक घालावेत. नाहीतर फोन त्या अठरा गाण्यांचे अठरा अल्बम करून ठेवतो.

चार मिनिटांचं गाणं ३२०मध्ये साडेनऊ एमबीचं. अठरा गाणी मिळून पावणेदोनशे एमबी. १६ जीबीत आणखी दीड हजार गाणी सहज मावतात, आणि मोकळी जागा तात्यांना बघवत नाही. आठवड्याभरात त्यात भजनं, पोवाडे, कीर्तनं आणि कुणाच्या तरी हळदीचा बेंजो येऊन बसतो. आपली अठरा त्यात कुठं गेली ते शोधायला मग आपल्यालाच बोलावतात. "तुझीच गाणी लागतात बग सारखी," असं म्हणून तात्या जे ऐकवतात ते आपलं नसतं.

आत्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप. तिला अठरा फाइली वेगळ्या पाठवू नयेत. ती सहावी आधी उघडते. अठराही जोडून एकच फाइल करावी. ७५ मिनिटं १२८मध्ये ७२ एमबी होतात. ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी, दोन जीबीपर्यंत मुभा आहे. क्रम मोडायची भीती उरत नाही. तोटा एवढाच की दूधवाला आला, फाइल थांबली, की आत्या पुन्हा पहिल्यापासून लावते. पहिली तीन गाणी तिला पाठ होतात आणि चौथ्याची कधी गाठ पडत नाही. आत्याच्या फाइलीत म्हणून उत्तम गाणी सुरुवातीलाच ओतावीत, संयमाचं नाटक करू नये. तिला आवडलंच तर ती दुसऱ्या फोनसमोर हा फोन धरून व्हॉइस मेसेज करून मावशीला पाठवते. मागं मिक्सर सुरू असतो. पातळी जुळवण्यात घातलेल्या रात्रीचं चीज असं होतं.

भाचरांना लिंक. यूट्यूबवर यादी 'खासगी' राहिली तर ती आपल्याला दिसते आणि जगाला दिसत नाही. 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसणारी, करावी, आणि पाठवण्याआधी लॉगिन नसलेल्या फोनवर उघडून बघावी. गाण्याच्या आतून लिंक उचलू नये, यादीच्या पानावरून उचलावी, नाहीतर पोचतं एकच गाणं. एका गाण्याच्या दहा प्रती असतात: मूळ, शब्दांची, संथ करून घुमवलेली, डीजेवाली. कंपनीच्या चॅनलवरची धरावी. बाकीच्या कधी उडतील सांगता येत नाही. काही अ‍ॅप फुकटच्या खात्यावर क्रमानं वाजवत नाहीत. मग काळी एक, पांढरी चारचा हिशेब आपल्यापुरता राहतो, आणि विरहगीतामागून पीव्हीसी पाइपची जाहिरात लागते.

कोल्हापूर रस्त्यासाठी भरताना एक वेगळा धोका. डिसेंबर म्हणजे ऐन गाळप. दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर, टपाच्या वर बांधलेले स्पीकर, आणि अर्धा किलोमीटर आधीपासून जमिनीतून येणारा ठेका. आपली खालच्या षड्जावरची आलापी त्याला ओलांडेपर्यंत ऐकू येत नाही. ओलांडून होतं तेव्हा ती संपलेली असते. म्हणून या रस्त्याच्या भरणीत एक मिनिटाहून लांब हळू जागा ठेवू नये. जाताजाता त्या ट्रॅक्टरवाल्याची भरणी मन लावून ऐकावी. प्रत्येक गाणं पहिल्या सेकंदाला पकडतं, पातळी एकसारखी, रात्री दोनला डोळा लागू न देणं हा एकच हेतू, आणि तो साधलेला. इतकी नेमकी निवड मी कुणा जाणकाराच्या यादीत पाहिलेली नाही.

पाठवून झालं की प्रतिक्रिया येतात. ७५ मिनिटांच्या फाइलला "छान!" यायला चाळीस सेकंद लागतात. ग्रुपवर टाकलं तर चार अंगठे, दोन नमस्कार आणि एक 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'. तात्या विचारतात, "ह्यात आमच्या येळचं काय हाय का?" राखून ठेवलेलं नाट्यपद त्यांच्या वेळचंच असतं, पण ते अकरावं.

शेवटचं काम, आणि ते टाळू नये: अठरा गाण्यांची यादी साध्या मजकुरात लिहून ठेवावी. गाणं, गायक, संगीतकार, साल. एक प्रत गाडीच्या कप्प्यात कागदावर, एक फोनमध्ये. हक्कांचे करार बदलतात तशी अ‍ॅपवरची गाणी गायब होतात. जूनपर्यंत अठरातली एक-दोन राखाडी पडलेली असतात आणि काही ठिकाणी नावसुद्धा उरत नाही. नेमका तेव्हाच आत्याचा फोन येतो. तिला त्यातलं एक गाणं हवं असतं. कितवं ते आठवत नसतं, गाणारी बाई होती की पुरुष यावर तिचं आणि काकांचं एकमत नसतं, खूण एवढीच की दळण आणायला निघताना लागलं होतं. मग यादी काढून एकेकाचे पहिले दहा सेकंद फोनवर ऐकवायचे. अठरावं झाल्यावर ती म्हणते, "यातलं नाहीच रे. आकाशवाणीला लागलं असेल."